वाढप कोणाच्या हाती?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे आयुष्य रुग्णसेवेत गेले. म्हणून संयोजकांनी मला विषय दिला तो असा: ख्रिस्ती माणसाच्या सेवेतून देवाची प्रीती कशी प्रकट होते. या विषयावर आपण सर्वांनी लहानपणापासून पुष्कळ ऐकले आहे. संडे स्कूलच्या बाकावर ऐकले, लेंटच्या उपासनांत ऐकले, अंत्यविधीच्या प्रसंगीही ऐकले. म्हणून सेवा करा, एवढेच सांगायला मी इथे उभा नाही. सेवा करणारे हात कोणाचे असतात, आणि ते कोणाचे व्हायला हवेत, एवढ्याच एका प्रश्नावर मला आज बोलायचे आहे.

सुरुवात प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायापासून करतो. यरुशलेमेतली मंडळी तेव्हा अगदी कोवळी होती. पेन्टेकॉस्टचा अग्नी अजून निवायचा होता. लोक आपले जे काही होते ते सामाईक करत होते. अशा त्या मंडळीतला एक मोठा तंटा लूकने लिहून ठेवला आहे, आणि तो सिद्धान्ताचा नाही, अन्नाचा आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहुदी घरांतल्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जात होत्या. इब्री बोलणाऱ्या विधवांना मिळत होते, यांना मिळत नव्हते. जेवणाची पंगत बसली आहे, वाढपी एका ओळीतून दोनदा फिरतो आणि दुसऱ्या ओळीकडे त्याचे लक्षच जात नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही. वाढपी ज्यांना ओळखतो त्यांच्याकडे त्याची पावले आपोआप वळतात.

प्रेषितांनी यावर काय केले? प्रेमावर प्रवचन दिले नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्या सातांची नावे लूकने दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत. नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता, अंत्युखियाचा मतांतरित होता. नावांवरून पुष्कळ अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, आणि मला तो पटतो, की ज्या गटाच्या विधवांची तक्रार होती त्याच गटातून हे सात जण निवडले गेले. म्हणजे डावललेल्यांना जास्त वाढा, असे इब्री वाढप्यांना बजावून प्रेषित थांबले नाहीत. त्यांनी पळीच डावललेल्यांच्या हातात दिली. दोन्ही ओळींत वाढण्याची जबाबदारी आता त्यांची झाली.

माझे म्हणणे एवढेच आहे. ख्रिस्ती सेवेच्या दोन हजार वर्षांत देवाची प्रीती जिथे मला सर्वांत स्पष्ट दिसते, तिथे सेवा घेणारा पुढे सेवा करणारा झालेला आहे. जिथे देणारा कायम देणारा राहिला आणि घेणारा कायम घेणारा, तिथे पुष्कळ चांगले काम झाले, जीवही वाचले. त्याबद्दल कृतज्ञ राहूनही मला वाटते की तिथे काम अर्ध्यावर थांबले.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. यरुशलेमेहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला मारून अर्धमेले टाकले, याजक वळसा घालून गेला, लेवी वळसा घालून गेला, शोमरोनी थांबला. आपण हा दाखला वाचतो तेव्हा स्वतःला नेहमी त्या गाढवाशेजारी उभे करतो. आपल्या हातात तेल आणि द्राक्षारस असतो. पण प्रभू येशू ज्यांना ही गोष्ट सांगत होते ते यहुदी होते. त्यांना स्वतःला ठेवायला एकच जागा उरत होती, वाटेवर रक्तात पडलेल्या त्या माणसाची. आणि मदतीला आलेला हात अशा जातीचा होता की एरवी त्याच्या हातचे पाणीही त्यांनी घेतले नसते. महाराष्ट्रातल्या ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. देवाची प्रीती ज्याला आपण खाली मानले त्याच्या हातून आपल्याकडे येऊ शकते, आणि ती घेता येणे हाही शिष्यत्वाचा भाग आहे. आपल्या प्रवचनांतून ही बाजू बहुतेक निसटते, कारण द्यायला शिकवणे सोपे असते.

सुरुवातीच्या मंडळीने हे काही काळ तरी जपले. चौथ्या शतकात रोमन सम्राट जूलियन याने जुने देवधर्म पुन्हा उभे करायचे ठरवले. गलतियाच्या मुख्य पुरोहिताला त्याने ३६२ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याची तक्रार अशी की हे गालिली, म्हणजे ख्रिस्ती, लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र आमच्यांकडे बघत नाहीत. विरोधकाने दिलेली ही साक्ष आहे म्हणून मला तिचे मोल वाटते. त्यानंतर थोड्याच वर्षांत कैसरियाचा बिशप बासील याने शहराबाहेर गरीब, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठे सेवागृह उभारले. घरच्यांनी टाकलेल्या कुष्ठरोग्यांना तो स्वतः जवळ घेत असे, असे त्याच्या मित्राने त्याच्या मृत्यूनंतर सांगितले आहे.

आता आपल्या मातीकडे येतो. या विषयावर महाराष्ट्रात बोलायचे आणि पंडिता रमाबाईंवरून झपझप पुढे जायचे, हे मला जमणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांच्या भुकेची गोष्ट त्यांच्या विद्वत्तेच्या गोष्टीइतकी सांगितली जात नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हिंडत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा विकायला काही उरले नाही, भीक मागायची सवय नाही, मजुरी येत नाही, अशा अवस्थेत आधी वडील गेले आणि पाठोपाठ आई गेली. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थानभर भटकले. १८७८ मध्ये कलकत्त्याने त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, तेव्हा त्या मुलीला उपवास काय असतो हे चांगले ठाऊक होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात राहिल्या. या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथले आपले एक सेवागृह दाखवायला नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे होत्या, आणि सिस्टर त्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे की अशा बायकांशी कोणी इतक्या मायेने वागते हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. हे लोक असे का करतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना याकोबाच्या विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

या क्रमाकडे मला लक्ष वेधायचे आहे. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणारी ही बाई. तिच्याशी वाद घालून तिला जिंकणे कोणालाही कठीणच होते. तिने आधी सेवा पाहिली, मग कारण विचारले, आणि कारण म्हणून तिला येशूची गोष्ट मिळाली. आणि ती गोष्ट कोणती, तर ज्यात प्रभू स्वतः तहानलेले आहेत आणि गावाने वाळीत टाकलेल्या बाईजवळ पाणी मागत आहेत. द्यायच्या आधी ते मागतात. आणि त्या गोष्टीच्या शेवटी तीच बाई गावात जाऊन सगळ्यांना बोलावून आणते. ज्या बाईशी कोणी बोलत नव्हते तिच्या तोंडून गावाने शुभवर्तमान ऐकले.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायकामुली घेऊन आल्या. केडगावची माळरानाची जमीन, तिथल्या विहिरी, आणि त्यावर उभे राहिलेले मुक्ती सदन ही त्याचीच फळे. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास बायकामुले होती. ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी कृपा सदन होते, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन होते, आंधळ्यांना ब्रेल शिकवण्याची सोय होती. पण मला मुक्तीतले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते छापखान्याचे. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या, छपाई आणि बांधणी शिकल्या. रमाबाई स्वतः इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खे बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायला बसल्या. ते भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापले गेले. आणि १९०० मध्ये गुजरातेत भुकेल्यांना शोधायला मुक्तीतून ज्या बायका गेल्या, त्यांच्यातल्या अनेकींनी भूक स्वतः भोगलेली होती. कोणती मुलगी भीतीने लपली आहे आणि कोणती चालूच शकत नाही, हे ओळखायला त्यांना कोणाच्या प्रशिक्षणाची गरज नव्हती.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी, आणि ख्रिस्ती व्यासपीठावरूनच ती बोलली गेली पाहिजे. शारदा सदनावर १८९३ मध्ये वादळ उठले. धर्म शिकवला जाणार नाही असे आश्वासन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. सल्लागार मंडळातली मान्यवर माणसे बाहेर पडली, ‘केसरी’ने कडाडून टीका केली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सेवेच्या आडून धर्मांतर हा आरोप तेव्हापासून आपल्या पाठीशी आहे. त्याला ‘खोटे आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. दुष्काळात अन्नासाठी झालेले बाप्तिस्मे ही आपल्याच इतिहासातली गोष्ट आहे, आणि ज्या मिशनऱ्याने भुकेल्यापुढे भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच ताटात ठेवला त्याने भाकरीचाही अपमान केला आणि बाप्तिस्म्याचाही. भुकेने व्याकूळ माणूस मोकळेपणाने होय म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. देवाने आपल्यावर प्रीती केली ती आपल्याकडून काही येण्याआधी, असे आपण मानतो. मग आपल्या सेवेला किंमत लावून आपण कोणाची प्रीती दाखवणार? आणि तरीही रमाबाईंच्या टीकाकारांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या बालविधवांसाठी इतका संताप झाला, त्यातल्या किती जणींसाठी दुसरे दार उघडे होते? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर फार थोड्या असे आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरून ठेवल्याशिवाय आपल्याला या विषयावर खरे बोलता येणार नाही.

मिशनच्या दवाखान्यांबद्दल थोडक्यात बोलतो. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि त्याची कीर्ती दक्षिण महाराष्ट्रभर पसरली. पण रुग्णालयापेक्षाही मोठी गोष्ट १८९७ ची, ती म्हणजे तिथे सुरू झालेली वैद्यकीय शाळा. इथल्या मुलांच्या हातात शस्त्र देण्याची ही तयारी होती. तीच गोष्ट परिचारिकांची. परक्याच्या अंगाला हात लावणे, त्याचे मलमूत्र काढणे हे काम जातीच्या मनाला विटाळाचे वाटत होते. त्या काळात ख्रिस्ती मुली, ज्यांतल्या कित्येक जणी गावकुसाबाहेरच्या घरांतून आलेल्या होत्या, पांढरा पोशाख घालून वॉर्डात उभ्या राहिल्या. ज्यांची सावली नको होती त्यांचे हात तापलेल्या कपाळांना हवेसे झाले. नगर, मिरज, पुणे, मुंबई इथल्या या सिस्टरबाईंचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही, याची मला फार खंत वाटते.

स्पर्शाबद्दलच आणखी एक गोष्ट. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळ प्रदेशातल्या कोल्ली डोंगरातला, आईवडील मिशनरी. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करायला लागले. कुष्ठरोगात बोटे सडून गळतात हा समज त्यांनी मोडला. संवेदना गेल्यामुळे माणसाला दुखापत कळत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा जखमी होते आणि हात झिजतो, हे त्यांनी दाखवले. एकदा एका तरुण रोग्याला उपचार समजावताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो रडू लागला. आपण काही चुकीचे बोललो का, असे त्यांनी दुभाषी बाईंना विचारले. कळले ते असे की कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. हे ब्रँड यांनीच लिहून ठेवले आहे. पण त्यांचे काम तिथे संपले नाही. बोटे सरळ झाल्यावर त्या माणसाच्या हाताला काम मिळाले पाहिजे, यासाठी त्यांनी वेल्लोरला पुनर्वसनाची वस्ती उभी केली. रडणाऱ्याला जवळ घेणे ही प्रीती आहेच. त्याच्या हाताला पुन्हा कष्ट करता येणे, हे त्या प्रीतीचे पुढचे पाऊल होते.

ब्रँड वेल्लोरला असतानाच तिथे दोन तरुण विद्यार्थी शिकत होते. नगर जिल्ह्यातल्या सुप्याच्या शिक्षक घराण्यातले रजनीकांत आरोळे आणि जबलपूरच्या मेबल. १९६० मध्ये दोघांनी लग्न केले आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचे ठरवले. त्यांच्या कामाबद्दल मी आज सर्वांत जास्त बोलणार आहे. आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच मंडळीतले हे काम जगाने उचलून धरले, आणि आपल्या उपासनांत मात्र त्याचा उल्लेख क्वचित होतो.

सुरुवातीला दोघे वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होते. शस्त्रक्रिया होत, रोगी बरे होऊन जात, आणि काही महिन्यांनी तेच रोगी किंवा त्यांची भावंडे त्याच आजारांनी परत येत. जुलाब, गोवर, धनुर्वात, क्षय, कुपोषण. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. रुग्णालयाच्या दारात बसून ते टळणार नाहीत, हे त्यांना दिसले. अमेरिकेत जाऊन त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये ते जामखेडला आले. तेव्हाचे जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचे दुष्काळी टोक. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या जागेत त्यांनी काम सुरू केले. त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे १७६ मुले पहिल्या वर्षातच जात होती.

आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. आरोळे दांपत्याने मुलांच्या जेवणाची सोय केली, पण सगळ्या जातींची मुले एकत्र जेवतील अशा रीतीने. पाण्यासाठी कूपनलिका घ्यायच्या ठरल्या, तेव्हा त्या दलित वस्तीत घ्यायचा त्यांनी आग्रह धरला. सगळ्या गावाला पाणी हवे, तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यावे. याकोबाच्या विहिरीवरची गोष्ट या दोघांनी नुसती वाचली नव्हती, असे मला वाटते. पुरुषांना एकत्र आणायला त्यांनी व्हॉलीबॉलचे सामने सुरू केले. एका चेंडूच्या मागे सगळ्या जातींचे तरुण धावू लागले, आणि त्यातून शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. वरवर पाहता यात आरोग्य कुठे आहे, असे वाटेल. पण गाव एकत्र बसल्याशिवाय गावाचे पाणी स्वच्छ होत नाही, आणि पाणी स्वच्छ झाल्याशिवाय जुलाबाने जाणारी मुले वाचत नाहीत.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगावी पाठवून पाहिल्या. ते फारसे जमले नाही. बाहेरून आलेल्या मुलीला गावाचा विश्वास मिळेना, आणि तिलाही एकटीला तिथे राहवेना. तेव्हा ठरले की गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी. गावांनी निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. त्यांत दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ यापलीकडे चारचौघांत स्वतःचे नाव सांगायची ज्यांना सवय नव्हती, त्यांना आधी स्वतःचे नाव मोठ्याने सांगायला शिकवले गेले. मग वजनकाटा, मीठ-साखर-पाण्याचे प्रमाण, लसीकरण, निर्जंतुक बाळंतपण, क्षयाचा खोकला ओळखणे, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणे. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत आणि एकमेकींकडून शिकत.

यात प्रीती कुठे आहे, ते नीट पाहू. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहील आणि सुटका सोपी होईल, असे गावात मानले जाई. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडले जाई. गोवर झाला तर देवी आली म्हणून औषध नाही. नगरहून आलेल्या डॉक्टरने हे चुकीचे आहे म्हटले असते तर गावाने मान डोलावली असती आणि घरी जाऊन तेच केले असते. पण शेजारची बाई, जिने स्वतःचे मूल याच समजुतीपायी गमावले आहे, ती रात्री चुलीपाशी बसून सांगते तेव्हा आई ऐकते. ज्ञान कितीही खरे असले तरी ते पोचायला दुःखाची ओळख लागते, आणि ही ओळख डॉक्टरांकडे नव्हती. ती या बायकांकडे होती. आरोळे दांपत्याने हे मान्य केले, हा त्यांच्या श्रद्धेतला नम्रपणा मला फार मोठा वाटतो. वैद्यकाच्या जगात ज्ञान वाटून टाकणे म्हणजे अधिकार वाटून टाकणे. बाळंतपण करणे, रोग ओळखणे, गावाला सल्ला देणे ही आपली कामे दोन डॉक्टरांनी निरक्षर बायकांच्या हातात दिली. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी वेगळी वसाहत बांधली नाही. रोगी आपल्या घरी, आपल्या गावात राहून औषध घेऊ लागले, आणि त्यांच्याकडे रोज लक्ष द्यायला गावातलीच बाई होती.

पंचवीस वर्षांनी त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा १७६ वरून २६ च्या आसपास आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. जिनिव्हातल्या जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने अशा कामांचा जगभर प्रसार केला होता. १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागे जे प्रयोग होते त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्या गावागावांत ज्या आशाताई दिसतात, त्या कल्पनेचे एक मूळ नगरच्या त्या माळरानात आहे. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांतजी २०११ मध्ये. काम चालू आहे.

आणि हेही नोंदवले पाहिजे की जामखेडला सेवा घेणाऱ्या बहुसंख्य लोकांनी आपला धर्म बदलला नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवली नाही. आरोळे दांपत्य आपल्या श्रद्धेबद्दल कधी गप्प नव्हते. का करता, असे विचारले तर ते येशूचे नाव घेत. फुलहॅमला सिस्टरने रमाबाईंना दिले तेच उत्तर.

आता आपल्या मंडळ्यांविषयी बोलतो, आणि हे प्रेमाने बोलतो आहे असे समजा. आपल्याकडे सेवेच्या नावाने पुष्कळ जुन्या इमारती आहेत, आणि त्यातल्या काहींच्या जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ज्या ऊर्जेने आपण ते खटले लढतो तिचा दहावा भाग जरी आपल्या म्हाताऱ्या सभासदांकडे वळवला तरी मंडळीचा चेहरा बदलेल. शहरातल्या आपल्या प्रत्येक मंडळीत आज एकट्या राहणाऱ्या विधवा आहेत. मुले पुण्याला, आखाती देशांत, ऑस्ट्रेलियात. त्यातल्या कितीतरी जणी निवृत्त नर्सबाई आहेत, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना उचलून बसवले. नाताळाला आपण त्यांना फराळाचे पाकीट आणि एक साडी देतो, फोटो काढतो, प्रार्थना करतो. त्या हात जोडून घेतात. मला हे पाहवत नाही. साडी देण्यात काही गैर नाही, पण त्या बाईला औषध, सोबत, बँकेतले काम, गुडघ्याची शस्त्रक्रिया, यांतले काय हवे आहे हे तिला कोणी विचारलेले नसते. आणि तिला काय देता येते हे तर कोणाच्या मनातही येत नाही. चाळीस वर्षे वॉर्ड सांभाळलेली बाई पलंगावर पडलेल्या माणसाची कूस कशी बदलावी, पाठीला जखम कशी होऊ देऊ नये, शेवटच्या दिवसांत घरच्यांशी काय बोलावे हे दहा तरुणांना शिकवू शकते. तिच्यातली ही देणगी आपण पाकिटाखाली झाकून टाकतो.

ख्रिस्ती माणूस सेवेला जातो तेव्हा तिथे प्रभू आधीच पोचलेले असतात, असे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावरून आपण शिकलो. उपाशी, परका, उघडा, आजारी, बंदिवान, यांच्यात ते आहेत. हे खरे मानले तर गरिबाच्या झोपडीत आपण देव घेऊन जात नाही, तिथे आपल्याला तो भेटतो. मग त्या झोपडीतल्या माणसाला समितीवर बसवायला आपल्याला संकोच का वाटतो? आपल्या बहुतेक सेवानिधी समित्यांवर कोण असते ते आठवून पाहा. निवृत्त अधिकारी, व्यापारी, पाळक, एखादी मुख्याध्यापिका. सज्जन माणसे असतात, वेळ देतात, हिशेब चोख ठेवतात. पण ज्यांनी या निधीतून कधी औषधाचे पैसे घेतले आहेत असे किती जण तिथे बसतात? इब्री वाढपीही सज्जनच असणार.

म्हणून मी एक ठोस सूचना करतो. इथे निरनिराळ्या मंडळ्यांचे कार्यकारी सभासद बसलेले आहेत. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा: सेवानिधी समितीच्या निम्म्या जागा अशा सभासदांसाठी राहतील ज्यांनी गेल्या काही वर्षांत स्वतः त्या निधीतून मदत घेतली आहे. मदत घेतल्याची त्यांना लाज वाटेल, असे कोणी म्हणेल. ती लाज आपणच निर्माण केली आहे आणि ती घालवायचा मार्गही हाच आहे. त्यांना हिशेब येत नाही, असेही कोणी म्हणेल. जामखेडच्या निरक्षर बायका मुलांच्या वजनाचे तक्ते सांभाळत होत्या. हिशेब शिकवता येतो. आणि पहिल्याच बैठकीत अर्जांचा गठ्ठा या नव्या सभासदांच्या पुढे ठेवा, कोणाकडे आधी जायचे ते त्यांना ठरवू द्या, आणि बाकीच्यांनी त्यांच्यासोबत त्या घरी जावे.